भांड्यांचे गुण आणि माझी एक चूक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या शिकल्यासवरल्या बाईंना बोलावण्याची आपली पद्धत आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की, आपल्यातल्याच कोणीतरी आपल्याला जे ठाऊक आहे ते चार शब्दांत सांगावे. माझे नाव निघाले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. पुढे शिकायचे तर तालुक्याला जावे लागे, आणि मुलीला एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते. तेव्हा व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करते.

पण एक गोष्ट आहे. गेली चोवीस वर्षे मी रोज दोन वेळा स्वयंपाक करते, आणि भांडी घासते. तांबे, पितळ, लोखंड, स्टील, काच, माती यांच्याशी माझ्याइतका संबंध कोणत्या शास्त्रज्ञाचा येत असेल? आपण सगळ्याच जणी रोज पदार्थविज्ञान करीत असतो, फक्त त्याला स्वयंपाक म्हणतो. म्हणून आज मी भांड्यांविषयी बोलणार आहे. आणि शेवटी मला एक माफीही मागायची आहे. ती आज या सभेत मागायची म्हणूनच मी भाषणाला हो म्हटले.

गोष्ट २०११ सालच्या श्रावणातली. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. घरी पाहुणे यायचे होते म्हणून मी सासूबाईंचे मोठे पितळी पातेले माळ्यावरून काढले आणि त्यात ताकाची कढी केली. पाहुणे जेवून गेले, कढी बरीच उरली. ती तशीच पातेल्यात राहिली. रात्री खिचडीबरोबर सासूबाई, मुलगी आणि मी, आम्ही तिघींनी ती खाल्ली. ह्यांचे जेवण त्या दिवशी बाहेर होते. तासाभरात मुलीला उलट्या सुरू झाल्या. मग सासूबाईंना, मग मला. पोटात नुसता पीळ पडत होता. मुलगी तर हातापायांनी गार पडली. रात्री बारा वाजता रिक्षा करून दवाखान्यात नेले. देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या उपचाराने ती दुसऱ्या दिवशी हसूखेळू लागली.

पण माझा राग शांत होईना. बाधले कशाने? मी ठरवूनच टाकले की, दुधात काहीतरी होते. त्या दुधाचे दही, त्या दह्याचे ताक. सकाळी उठून मी आपल्या गल्लीतल्या दूधवाल्या वहिनींच्या दारात गेले, आणि चार लोकांदेखत त्यांना नाही नाही ते बोलले. दूध बंद केले. माझे ऐकून आणखी तीन घरांनी बंद केले. त्या माउलीने एवढेच म्हटले, "ताई, माझीही लेकरं हेच दूध पितात." मी ते ऐकून घेतले नाही.

आता ही गोष्ट इथेच ठेवते, आणि भांड्यांकडे वळते. म्हणजे शेवटी ती उलगडेल.

प्रत्येक वस्तूला स्वभाव असतो. माणसांत नाही का, एक सून लवकर तापते आणि लवकर निवते, दुसरी उशिरा तापते पण मग तापलेलीच राहते! (हशा) धातूंचेही तसेच आहे. भांडे विकत घेताना आपण त्याचा आकार पाहतो, चकाकी पाहतो, भाव करतो. स्वभाव मात्र पाहत नाही. मी चार स्वभाव सांगणार आहे: उष्णता वाहून नेणे, तापल्यावर वाढणे, मऊ किंवा कठीण असणे, आणि आंबट-खारटाशी वागणे.

पहिला स्वभाव उष्णतेचा. समोर टेबलावर मी गरम पाण्याचे पातेले ठेवले आहे. त्यात तीन वस्तू उभ्या केल्या आहेत, तिन्ही साधारण एका लांबीच्या. एक पळीपंचपात्रातली तांब्याची पळी, एक स्टीलचा चमचा आणि एक लाकडी चमचा. तिन्हींच्या वरच्या टोकाला तुपाचा बारीक गोळा लावून त्यावर साबुदाण्याचा एकेक दाणा चिकटवला आहे. कोणाचा दाणा आधी पडतो ते पहा. (येथे प्रयोग दाखविला.) पाहिलेत? तांब्यावरचा दाणा लगेच घसरला. स्टीलवरच्याला वाट पाहावी लागली. लाकडावरचा तसाच बसून आहे, आणि माझे भाषण संपेपर्यंत तो बसून राहील.

मुलीच्या शास्त्राच्या पुस्तकात याला उष्णतेचे वहन म्हणतात. स्टीलमधून जितकी उष्णता जाते ती एक धरली, तर लोखंडातून साधारण पाच पट, पितळेतून सात-आठ पट, अ‍ॅल्युमिनियममधून सुमारे पंधरा पट, आणि तांब्यातून पंचवीस पटीहून जास्त जाते. स्टीलच्या पातेल्यात खीर तळाला का लागते, हे आता कळेल. गॅसची ज्योत जिथे लागते तिथेच स्टील तापते, ती उष्णता बाजूला पसरत नाही. मग ज्योतीवरचा तेवढा गोल करपतो. म्हणूनच काही स्टीलच्या भांड्यांच्या बुडाला तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियम लावलेले असते. बूड उष्णता पसरवते, आणि आतले स्टील अन्नाला सांभाळते. उलट, स्टीलच्या झाऱ्याचा दांडा पुष्कळ वेळ धरता येतो, आणि पितळी झाऱ्याला मात्र पदर लावावा लागतो, त्याचेही कारण हेच. अवगुण एका जागी अवगुण असतो, दुसऱ्या जागी तोच गुण होतो.

दुसरा स्वभाव, तापल्यावर वाढण्याचा. एक मीटर लांबीची कांब शंभर अंशांनी तापवली, तर अ‍ॅल्युमिनियमची कांब सव्वादोन मिलिमीटरने वाढते, पितळेची दोन मिलिमीटरला थोडी कमी, लोखंडाची सव्वा मिलिमीटर, आणि साध्या काचेची मिलिमीटरलाही थोडी कमीच. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण आपण तो रोज वापरतो. लोणच्याच्या काचेच्या बरणीचे पत्र्याचे झाकण अडकले की आपण त्यावर गरम पाणी सोडतो. झाकण काचेपेक्षा जास्त वाढते आणि सैल होते. दोन स्टीलची भांडी एकात एक अडकली तर आपटू नका. आतल्या भांड्यात गार पाणी घाला आणि बाहेरचे भांडे गरम पाण्यात ठेवा. आतले आकसते, बाहेरचे वाढते, आणि दोघे भांडण न करता वेगळे होतात.

काचेचा पेला गरम चहाने तडकतो तो का? काच उष्णता फार सावकाश नेते. आतली बाजू तापून वाढू पाहते, बाहेरची गारच असते. दोन बाजूंची ओढाताण होते आणि काच फुटते. आपण समजतो की जाड पेला मजबूत. चहाच्या बाबतीत उलटे आहे. जाड काचेत ही ओढाताण जास्त होते, पातळ काच चटकन सगळीकडून तापते. भट्टीत चालणारी जी काच मिळते तिला बोरोसिलिकेट म्हणतात. ती साध्या काचेच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच वाढते, म्हणून ती टिकते. साध्या पेल्यात गरम ओतायचेच असेल तर आधी आत स्टीलचा चमचा ठेवावा आणि थोडे थोडे ओतावे, चमचा काही उष्णता आपल्याकडे घेतो. बिडाच्या तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, हेही त्याच कारणाने. माझा एक तवा असाच गेला. आवाज एवढा झाला की शेजारच्या जाऊबाई धावत आल्या.

तिसरा स्वभाव, मऊपणा आणि कठीणपणा. बिडाचा तवा हातातून पडला तर त्याचे दोन तुकडे होतात, घडीव लोखंडाचा पडला तर फार तर वाकतो. दोन्ही लोखंडच. फरक कोळशाचा. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो, त्याने ते ओतायला सोपे पण ठिसूळ होते. घडीव लोखंडात तो अगदी थोडा असतो. शंभरात दोन-तीन भाग, पण त्याने स्वभाव पालटतो. आमटीत मीठ तरी असे कितीसे असते!

सोन्याचे उदाहरण आपल्या जास्त जिव्हाळ्याचे. निव्वळ चोवीस कॅरटच्या सोन्याची बांगडी हातात दाबली तरी वाकेल, इतके ते मऊ असते. म्हणून चोवीस भागांत बावीस भाग सोने आणि दोन भाग तांबे, चांदी असे काही मिसळतात. बांगडीच्या आत ९१६ हा आकडा असतो ना, त्याचा अर्थ हजारात ९१६ भाग सोने. ही भेसळ नव्हे. सांगून, मोजून, कामासाठी केलेले मिश्रण आहे, त्याला मिश्रधातू म्हणतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कासे म्हणजे तांबे आणि कथील, साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबे आणि बावीस भाग कथील. तांबेही मऊ आणि कथीलही मऊ, पण दोघांचे कासे झाले की ते इतके कठीण होते की टिचकी मारली तर घंटेसारखे वाजते. आणि आपटले तर तडकते. सासूबाई तळपायाला तूप लावून काशाची वाटी घाशीत असत, ती वाटी मी आजही जपून वापरते.

आणखी एक नवल सांगते. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या घंगाळाला, हंड्याला बाहेरून हातोडीचे बारीक बारीक ठसे मारतात, त्याला मठार म्हणतात. मला वाटे की ती नक्षी. पण एका तांबटदादांनी सांगितले की, ठोकल्याने तांबे कठीण होते आणि भांडे लवकर पोचत नाही. मात्र फार ठोकले तर ते चिरते. म्हणून घडवताना मधूनमधून लाल होईपर्यंत तापवतात, की ते पुन्हा मऊ होते. मग पुन्हा ठोकायचे. लेकरे वाढवताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नुसते ठोकून चालत नाही, मधून मायेची ऊबही द्यावी लागते.

आता चौथा स्वभाव, आणि माझी चूक त्यातच आहे. आंबट आणि खारट यांच्यापुढे कोणता धातू कसा वागतो.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की ते गंजते. हा गंज सैल आणि भुसभुशीत असतो. त्याच्या आत हवापाणी शिरते, आणि खालचे लोखंड आणखी गंजत जाते. अ‍ॅल्युमिनियमलाही हवेने गंज चढतो, पण तो गंज घट्ट, पातळ आणि न दिसणारा. तो आतल्या धातूवर झाकण ठेवल्यासारखा बसतो आणि पुढचा गंज थांबवतो. हा धातू आज स्वस्त आहे, पण एके काळी तो फार महाग होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, विजेच्या साहाय्याने तो काढण्याची एकच रीत शोधली. तेव्हापासून तो घरोघर आला. मात्र चिंच, टोमॅटो, ताक असे आंबट त्यात शिजवून ठेवले तर त्याचे ते झाकण विरते आणि धातू अन्नात उतरतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट साठवू नये. कुकर आतून काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांनी. तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकली की पडत नाही.

स्टीलचे झाकण क्रोमियमचे. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड गावी हॅरी ब्रेअर्ली नावाचे गृहस्थ बंदुकीच्या नळीसाठी चांगले पोलाद शोधत होते. लोखंडात क्रोमियम मिसळलेला एक प्रकार त्यांना असा सापडला की तो गंजेना. स्टेनलेस स्टीलमध्ये शंभरात किमान साडेदहा भाग क्रोमियम लागते. हवा लागताच त्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा वर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा आपोआप भरून येतो. त्याचा एक वैरी मात्र आहे, मीठ. गार पाण्यात मीठ टाकून ते तळाशी तसेच राहिले तर स्टीलला बारीक बारीक टोचे पडतात. म्हणून पाण्याला उकळी आल्यावर मीठ घालून ढवळावे.

इथे एक गैरसमज दूर करते. लोहचुंबक चिकटले तर स्टील खोटे, असे आपण मानतो. तसे नाही. ज्या स्टीलमध्ये अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल असते त्याला बहुधा चुंबक चिकटत नाही. निकेल नसलेल्या स्टीलला चिकटते. दोन्ही स्टेनलेसच, पहिले गंजाला जास्त दाद देत नाही एवढेच. उलट इंडक्शनच्या शेगडीवर तर चुंबक चिकटणारेच भांडे लागते. म्हणून नुसते तांबे, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम त्या शेगडीवर तापत नाही. बाजारात जाताना पिशवीत एक चुंबक असू द्यावे.

राहिले तांबे आणि पितळ. आंबट पदार्थ यांच्यात ठेवला की तांबे विरघळून त्यात उतरते. आपल्या आजी त्याला 'कळकले' म्हणत. ताक कळकले, आमटी कळकली. चव तुरट, विचित्र लागते, आणि भांड्याला हिरवट कळंक दिसतो. असे अन्न पोटात गेले की मळमळ, उलट्या, पोटात पीळ, हे सर्व थोड्याच वेळात सुरू होते. लहान मुलांना जास्त बाधते. आपल्या आजींनी हे पुस्तक न वाचता ओळखले होते, आणि त्यावर उपायही होता. तो म्हणजे कल्हई.

कल्हईवाले चाचा आपल्या गल्लीत यायचे ते पुष्कळ जणींना आठवत असेल. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. भांडे आधी घासून लख्ख करायचे, मग निखाऱ्यावर तापवायचे. त्यात नवसागराची चिमूट टाकली की भसकन पांढरा, नाकाला झोंबणारा धूर. तो नवसागर धातूवरचा काळेपणा खाऊन टाकतो, म्हणजे कथील नीट धरते. मग कथलाची कांडी टेकवायची, ती लगेच वितळते. कापसाने ती झरझर सगळीकडे फिरवायची आणि भांडे पाण्यात बुडवायचे. आत गेलेले पिवळे पातेले चांदीसारखे होऊन बाहेर येई. कथलाला ताक, चिंच फारसे काही करू शकत नाहीत, आणि ते अन्नात उतरले तरी तांब्यासारखे बाधत नाही. तो पातळ थर म्हणजे अन्न आणि तांबे यांच्यामधला पडदा.

पण या पडद्याचेही स्वभाव आहेत. कथील २३२ अंशांलाच वितळते. उकळते पाणी शंभर अंश, कुकरमध्ये सुमारे १२० अंश, तिथपर्यंत काळजी नाही. पण कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवून आपण फोन घ्यायला गेलो तर कल्हई वितळून गोळा होते. म्हणून अशा भांड्यात फोडणी करू नये. फोडणी लोखंडी कढल्यात करून वरून घालावी. ते तारेच्या घासणीने किंवा राखेने खसाखसा घासू नये. आणि तळाला लाल-पिवळे दिसू लागले की त्यात आंबट करणे बंद.

कथलाविषयी आणखी एक सावधगिरी. कथील महाग, शिसे स्वस्त. कोणी लोभाने कथलात शिसे मिसळले तर तेही चकाकतेच. पण शिसे विषारी आहे. त्याची अमुक एवढी मात्रा मुलांना चालते, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. मला चाचांनी एक खूण दाखवली होती. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून करकर आवाज येतो. शिसे मुकाट्याने वाकते. या खुणेने पुष्कळ शिसे असेल तर कळते, थोडे असेल तर कळत नाही. म्हणून ओळखीच्या, खात्रीच्या माणसाकडूनच कल्हई करून घ्यावी.

आता माझी गोष्ट पुरी करते. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी चाचा आले. मी ते पितळी पातेले त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आत बोट फिरवले आणि विचारले, "बेटी, यात आंबट शिजवले होतेस का?" तळाची कल्हई केव्हाच उडाली होती. तळ उघडा पिवळा, आणि कडेला हिरवे. माझ्या पोटात धस्स झाले. तरी मनाची समजूत पटेना. त्या दिवशी पातेले मी कल्हईला दिलेच नाही, घरी परत आणले. सकाळी एका दुधाच्या ताकाचे दोन वाटे केले, एक स्टीलच्या भांड्यात, एक त्या पातेल्यात. संध्याकाळी पाहिले, तर स्टीलमधले ताक ताकच होते. पातेल्यातल्याला कडेने हिरवट झाक होती, आणि जिभेच्या टोकाला लावले तर तीच ती चव, त्या रात्रीच्या कढीची. त्या रात्रीही ती मला जाणवली होती. मी म्हटले होते, आंबूस झाले असेल.

दूध निर्मळ होते. दोष माझ्या भांड्याचा होता, आणि भांड्याचा तरी कसा म्हणू? पितळ आपल्या स्वभावाप्रमाणे वागले. तो स्वभाव मला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसताना मी दुसऱ्याला दोषी ठरवून मोकळी झाले.

मी दुसऱ्या दिवशी दूधवाल्या वहिनींकडे गेले. त्या ओट्यावर शेणी थापत होत्या. मी पाया पडून माफी मागितली. त्यांनी हात धुतले, आत गेल्या, आणि तांब्याभर ताक माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "घरी जाऊन स्टीलच्या भांड्यात ओता हं." आम्ही दोघी हसलो आणि दोघी रडलो. दूध पुन्हा सुरू झाले.

पण भगिनींनो, मधले अडीच महिने चार घरांचे दूध त्यांच्या घरी उरत होते. त्यांच्या मुलाच्या क्लासची फी त्या वेळी भरायची राहिली, हे मला नंतर कळले. आणि आळ मी घेतला भर गल्लीत, माफी मात्र मागितली एकटीने, ओट्यावर. ज्यांनी माझे बोलणे ऐकले त्यांनी माझी माफी ऐकली नाही. आजही कोणी कोणी म्हणते, "त्यांच्या दुधाने एकदा मुलीला बाधले होते ना?" म्हणून आज वहिनींची परवानगी घेऊन, सर्वांसमोर सांगते. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, तुमच्या दुधात काही नव्हते. चूक माझी होती. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे, तेव्हा हेही छापले जावे अशी माझी संपादिकाबाईंना विनंती आहे.

आता कामाचे दोन शब्द. हल्ली पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतात. मोबाईलवर रोज येते की तांब्या-पितळेत शिजवलेले सर्व आरोग्याचे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी प्यावे, त्याला माझा विरोध नाही. तांब्याने काही जंतू मरतात हे खरे आहे. पण त्याच पाण्यात लिंबू पिळून ठेवाल तर पुन्हा माझीच गोष्ट होईल. शोभेची म्हणून विकलेली पितळी भांडी आतून उघडी असतात, त्यात सोलकढी वाढू नये. मातीच्या, काचेच्या, चिनी मातीच्या बरण्या आणि स्टील, आंबटासाठी हीच बरी. लोखंडी कढईत भाजी जरूर करावी, त्यातून थोडे लोह मिळते, पण झाल्यावर काढून ठेवावी. जुने भांडे टाकू नका, नवे म्हणून भुलू नका. त्याला विचारा, बाबा, तुझा स्वभाव काय? आणि त्याप्रमाणे काम द्या.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. आपल्या भांड्यांच्या खोलीत दोन मोठी पितळी पातेली आहेत. जुन्या सभासदांनी वर्गणी करून घेतलेली. मागच्या आठवड्यात मी त्यांत डोकावून पाहिले. एकाची कल्हई अर्धी गेली आहे, दुसऱ्याची जवळजवळ पूर्ण. महिन्याने चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे. त्या पातेल्यांत आपण काय करतो? कैरीचे पन्हे. दोनशे बायका आणि त्यांच्या कडेवरची मुले ते पितात. मी आणखी काही सांगायला हवे का?

माझी सूचना अशी की, चैत्रापूर्वी दोन्ही पातेल्यांना कल्हई करून घ्यावी, आणि तोपर्यंत पन्हे त्यांत करू नये. तसेच दर वर्षी एक दिवस कल्हईवाल्यांना मंडळाच्या अंगणात बोलवावे, म्हणजे घरोघरची भांडी एकदमच होतील. त्यांनाही एका ठिकाणी दिवसभराचे काम मिळेल. ही कला जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. पातेल्यांचा पहिला खर्च मी देणार आहे. तो कोणी वाटून घेऊ नये, ते माझे जुने देणे आहे.

माझे बोलणे लांबले.  तो लाकडी चमच्यावरचा साबुदाणा अजून पडलेला नाही, पहा. मी मात्र आता खाली बसते.